करायला गेलो जंगल

इंदूर, ७ ऑगस्ट १९९०

लेफ्टनंट हृषीकेश दिघे यांस,

हे पत्र मी बाप म्हणून लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बाप म्हणून जे बोलायचं होतं ते तीन वर्षांपूर्वीच बोलून झालं. तुम्ही मिलच्या डिझाईन खात्यातली ठरलेली नोकरी लाथाडून फौजेत गेलात, त्यानंतर आपलं बोलणं नाही आणि माझं त्यावाचून काही अडलेलंही नाही. हे पत्र श्रीरंग मिलचा डिझायनर म्हणून, कामापुरतं आहे.

काम असं. मिलला फौजेच्या कपड्याची ट्रायल मिळाली आहे. जंगलात शिपाई दिसू नये असा हिरव्या-तपकिरी चट्ट्यांचा कपडा. एका तुकडीपुरता छापून द्यायचा, पसंत पडला तर मोठी ऑर्डर. मिलची अवस्था आईच्या पत्रांतून तुम्हाला कळत असेलच. अर्धी खाती बंद आहेत. मॅनेजर नानासाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "दिघेजी, जिंदगीभर साडीवर फूल-पत्तीच काढली ना तुम्ही? मग यात काय मोठं! फूल काढून टाका, पत्ती राहू द्या."

आता अशा माणसापुढे काय कपाळ फोडायचं? साडीवर नजर फुलापाशी येऊन बसली पाहिजे. इथे नजर कुठे बसताच कामा नये. शिवाय डिझाईन जिथे संपतं तिथूनच ते पुन्हा सुरू होतं, त्याला आम्ही रिपीट म्हणतो. साडीत रिपीट मिरवायचा असतो, इथे तो कोणाला कळता कामा नये. आयुष्यभर जे केलं त्याच्या बरोबर उलट करायचं आहे.

म्हणून माहिती हवी. जंगलातला हिरवा नक्की कोणता? सावलीत माणूस काळा दिसतो की निळसर? पालथा पडलेला माणूस आधी कशावरून ओळखू येतो, खांद्यावरून की पाठीवरून? फौजेची गुपितं विचारत नाही. पानांना गुपित नसतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी स्टेशनवर आलो नव्हतो, याचा राग धरून उत्तर टाळू नये. त्या दिवशी मिलमध्ये पाचरंगी चादरीचं काम होतं.

आपला,
बा. रा. दिघे
डिझायनर, श्रीरंग मिल

ता. क. तुमच्या आईने या पाकिटात शेव घातली होती. तेलाने पत्ता पुसायला लागला म्हणून मी काढून घेतली. कामाच्या पत्रात शेव शोभत नाही.


इंदूर, ३० ऑगस्ट १९९०

लेफ्टनंट दिघे यांस,

पाकीट मिळालं. फोडलं तर आत एक अक्षर नाही, नुसता पाला! बाप विचारतो एक आणि चिरंजीव पाठवतात झाडून काढलेलं अंगण. बाप म्हणजे डिझायनर, असं वाचावं.

पण पानं निवडली आहेत नीट. कोवळं, जून, अर्धं वाळलेलं, किडीने खाल्लेलं. काही पानं उलटी ठेवली आहेत, कारण वाऱ्यावर पानाचं पोट दिसतं आणि ते पाठीपेक्षा फिकं असतं. हे सगळ्यांच्या लक्षात येत नाही. तुला कोणी शिकवलं? तुम्हाला, म्हणायचं होतं. शिकवलं असेल लहानपणी कोणीतरी.

एक नुकसान मात्र झालं. त्या पाल्यात एक तमालपत्र होतं. मी टेबलावर पानं मांडून चष्मा शोधायला गेलो तेवढ्यात तुझ्या आईने ते उचललं, वास घेतला आणि सरळ मसालेभातात टाकलं. मी ओरडलो तर म्हणते, "लेकराने घरच्यासाठी पाठवलं ना, मग ते काय ऑफिसात लावायचं?" फौज तुमचा ठावठिकाणा सांगत नाही, पण तमालपत्र सांगतं. पूर्वेकडच्या डोंगरात आहात, असा तुमच्या आईचा निष्कर्ष आहे. तिने नकाशा काढून तिथे कुंकवाचा टिळा लावला. भात चांगला झाला होता. माझ्या डिझाईनमध्ये एक हिरवा कमी पडला, तेवढंच.

सध्या माझ्या टेबलावर दोन कामं आहेत. अनंत चतुर्दशी तोंडावर आली आहे. सगळ्या मिलच्या झाँक्या, म्हणजे देखाव्यांच्या सजवलेल्या गाड्या, निघणार, त्यात आपल्या मिलचा गणपती नेहमीप्रमाणे मीच काढतो आहे. सकाळी गणपती, दुपारी जंगल. रंगखात्यातला शरद म्हणाला, "साहेब, एका टायमाला एकच करा ना, हाताला कन्फ्यूजन होतं." मी त्याला म्हटलं, या हाताने तुझ्या जन्माच्या आधीपासून गणपती काढले आहेत, त्याला काही होत नाही.

आणखी पानं पाठवावीत. तमालपत्र वेगळं बांधावं.

बा. रा. दिघे


इंदूर, २४ ऑक्टोबर १९९०

हृषीकेश,

मायना बदलला म्हणून लगेच भलता अर्थ काढू नकोस. दर वेळी "यांस" लिहिताना शाई वाया जाते.

कपडा छापला! अरे, काय उतरलाय! चार रंग, एकात एक मिसळलेले, आणि कापडाचं अख्खं थान उलगडून पाहिलं तर रिपीट शोधून सापडत नाही. नानासाहेबांनी चष्मा पुसून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. खात्यातल्या लोकांनी कपडा मिलच्या मागच्या कण्हेरीवर टाकला आणि दुपारी कोणालाच तो सापडेना. शेवटी शरद त्याच्यावर पाय देऊन उभा असल्याचं कळलं.

छपाईचे जयसिंगराव तुला आठवतात? गौतमपुऱ्याचे, मिशीवाले. त्यांनी उरलेल्या तुकड्यातून स्वतःला बुशशर्ट शिवून घेतला आणि तो घालून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गावाकडे हिंगोटाच्या लढाईत उतरले. दोन्हीकडचे गडी दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकतात तिथे. यांचा हिशोब असा, की आपण कोणाला दिसणारच नाही. परत आले ते तावातावात. "दिघेसाब, काय कपडा बनवला भिया! सगळेच्या सगळे हिंगोट माझ्याकडेच येऊन राहिले होते. अंधा पण मला पाहून राहिला होता!"

मी त्यांची बाही वर करून पाहिली. "लागलं का कुठे?" विचारलं.

"तीच तर गंमत आहे ना. लागला एक पण नाही. सगळे बाजूने गेले."

मला यात गंमत वाटली नाही. कण्हेरीत हरवणारा कपडा अंगावर चढला की का दिसतो? मी तो शर्ट उलटसुलट पाहिला, डोळ्याशी धरून पाहिला, काही सापडलं नाही. माळ मोकळा होता, कपडा जंगलाचा आहे, असं म्हणून सध्या मनाची समजूत घातली आहे. पण तुझ्यापुढे कशाला लपवू? हा कपडा करताना माझ्या डोळ्यांपुढे शिपाई म्हणून दुसरं कोणी येत नाही. तो नापास झाला तर मिलची ऑर्डर जाईल, हे खरं. मला काळजी दुसरीच आहे.

तुझ्या ट्रंकेचा कोपरा ठोकून घेतलास का? गाडीत चढवताना हमालाने दारावर आपटली होती. असं तुझी आई म्हणते.

बा. रा. दिघे


इंदूर, १६ जानेवारी १९९१

चि. हृषीकेश,

बस आधी. उभ्याने वाचू नकोस.

चोरलच्या जंगलात ट्रायल झाली. मला आणि नानासाहेबांना बोलावलं होतं. नानासाहेबांनी सूट घातला होता आणि मी मिलचा तपकिरी कोट. टेकडीवर साहेब लोक दुर्बिणी घेऊन बसले. खाली झुडपांत आपले कपडे घातलेले जवान पांगले. मोठ्या साहेबांनी एका शिपायाला पुढे बोलावलं, साधा पोरगा, भिंडकडचा. म्हणाले, "देखो, कोई दिखता है?"

पोराने नजर फिरवली. मग त्याने बंदूक खांद्याला अडकवली, पायांतले बूट काढले आणि हात जोडले.

"यह क्या कर रहे हो?"

"साब, वहाँ गणेशजी बिराजे हैं। उधर भी। और वो बेरी के पीछे वाले की सूँड बाईं तरफ है।"

मी दुर्बीण मागून घेतली. डोळ्याला लावली आणि, हृषी, मला घाम फुटला. थंडीत! कपडा सपाट असताना काही नसतं. पण शर्ट शिवला, डावी बाजू उजवीवर आली, बटणपट्टीशी दोन तुकडे जुळले, की मधोमध लंबोदर. गोल पोट, सुपाएवढे कान, वळलेली सोंड. जवळून चट्टेच चट्टे, लांबून साक्षात बाप्पा. सकाळी एक आणि दुपारी दुसरं काढताना हाताने आपलं आपणच उरकलं होतं. लोक करायला जातात गणपती आणि होतो मारुती. मी करायला गेलो जंगल आणि झाला गणपती!

साहेबांनी दोन-तीनदा पाहिलं. मग एकदम हसायला लागले, पोट धरून, आणि बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. मला म्हणाले, "मास्टरजी, दुश्मन को दर्शन करवाने का इरादा है क्या?" नानासाहेब सोडून सगळे हसले.

हे मिलमध्ये पोचलं तेव्हा वेगळाच गोंधळ झाला. जयसिंगरावांनी त्या दिवसापासून शर्ट देवघरात ठेवलाय. त्यांना एकही हिंगोट का लागला नाही याचा सगळ्यांना एकदम उलगडा झाला. पण मग युनियनवाल्यांपैकी कोणीतरी पाटलोण उलटी करून पाहिली. मागच्या शिवणीवरही तोच, हसतमुख. एकच हलकल्लोळ! "पाटलोणीवर गणपती? वह भी बैठने की जगह?" माझ्यावर चालून आले. मी म्हटलं, बाबांनो, मी मुद्दाम केलं असतं तर इतका चांगला आला असता का? हे त्यांना पटलं.

कपडा नापास झाला, हे वेगळं सांगायला नको. तुझी आई मात्र काल दिवसभर गुणगुणत होती. म्हणते, "बरं झालं, तुमच्या हाताला तरी कळलं कोणाला सांभाळायला सांगायचं ते. तुमच्या तोंडाला कधी कळलं नसतं." मी रागाने गच्चीवर निघून गेलो. पण ती खोटं बोलली असंही म्हणवत नाही.

बा. रा. दिघे


इंदूर, ५ ऑगस्ट १९९१

चि. हृषी,

तुझं पत्र आलं. चार वर्षांत पहिल्यांदा शाईने लिहिलेलं. "बाबा, तंबूत एकटाच हसत होतो, सगळे बघायला आले." एवढंच. एवढ्या सरकारी खर्चाच्या ट्रायलमधून इतकं निघालं असेल तर माझी तक्रार नाही. आईने ते नकाशाला टाचणीने लावलं आहे.

आता बातम्या. ऑर्डर दुसऱ्या गावच्या गिरणीला गेली. त्यांचं डिझाईन कॉम्प्युटरवर केलेलं आहे म्हणे. कॉम्प्युटर गणपती काढत नाही, हा त्याचा मोठा गुण. आणि गेल्या आठवड्यात आपल्या मिलला टाळं लागलं. देशात सगळं खुलं झालं असं रेडिओ रोज सांगतो, आमचं गेट तेवढं बंद. माझी काळजी करू नकोस. शरद आणि मी घरच्या गच्चीवर छपाईचं टेबल टाकलंय. गल्लीतल्या बायका ओढण्या छापून घेतात. फुलंच काढतो. नजर बसली तरी चालणारं काम बरं वाटतं.

पण त्या कपड्याचं काय करायचं, यावरून गावात जी मजा चालली आहे ती तुला कळायलाच हवी. गोदामात थानांवर थानं पडली आहेत. घालता येत नाही, कारण कमरेखाली गणपती चालत नाही. फाडून मशीन पुसता येत नाही, कारण गणपती. जाळता येत नाही, कारण गणपतीच. एक टेम्पोवाला सीटकव्हरसाठी सगळा माल घ्यायला आला. जयसिंगरावांनी त्याला विचारलं, "किसके ऊपर बैठेगा तू? बोल, किसके ऊपर?" तो बिचारा आला तसा टेम्पो वळवून गेला. शेवटी नानासाहेबांनी कंटाळून कपडा कामगारांना देऊन टाकला. म्हणाले, "ले जाओ भिया, तुमचा गणपती तुम्हीच सांभाळा."

आणि आता ऐक. मिल बंद, पण झाँकी बंद नाही. एकजात सगळ्यांनी ठरवलंय. नवी मूर्ती नाही, जनरेटर नाही, हलणारे पुतळे नाहीत. फक्त तो कपडा आहे. काय करतोय ते लिहीत नाही. बघायचं असेल तर ये. रजा मिळते की नाही मला माहीत नाही, आणि मी काही बोलावतही नाही. आई बोलावते आहे, आणि माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आहे.

तुमच्याकडे नवा कपडा आला का? एक चिंधी पाठव. रिपीट बघायचा आहे.

तुझा,
बा. रा. दिघे


इंदूर, १ ऑक्टोबर १९९१

चि. हृषी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू काल गेलास आणि आज मी लिहायला बसलो. आई म्हणाली, "आठ दिवस घरात होता तेव्हा बोलायचं होतं ना!" बोललो की. जेवताना बोललो, गच्चीवर बोललो. पण तू गाडी सुटता सुटता जे ओरडलास त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. तिथे येतोच, जरा दम धर.

आधी झाँकीबद्दल. त्या संध्याकाळी तू खाली गर्दीत होतास, मी वर गाडीवर होतो. वरून काय दिसलं ते तुला माहीत नाही. सगळ्या मिलच्या झाँक्या दिव्यांनी लखलखत होत्या आणि मधेच आमची, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, चारी बाजूंनी नुसता हिरवा कपडा लावलेली. लोक म्हणायला लागले, "मिल बंद झाली, बिचाऱ्यांकडे मूर्तीला पण पैसे नाही." शरदने भोंगा उचलला: "भिया, मूर्ती आहे! दूर जाऊन पाहा. दूर जाऊन!" रस्ताभर लोक मागे मागे सरकायला लागले. पाठ भिंतीला टेकली तेव्हा एका बाईच्या कडेवरची पोरगी ओरडली, "बाप्पा!" मग जी आरोळी उठली, हृषी! पट्ट्याला पट्टा जोडून शिवला होता, प्रत्येक जोडावर एक गणपती, गाडीभर गणपती, आणि जवळ गेलं की गायब. लोक पुढे यायचे, मागे जायचे, पुन्हा पुढे यायचे. मिरवणूक खोळंबली. जयसिंगराव रडत होते आणि लोकांना सांगत होते की पेट्रोमॅक्सचा धूर आहे.

मी वरून लोकांचे चेहरे बघत होतो. इतकी गर्दी, इतके रंग, आणि त्यात एका खांबाशी एक माणूस, अंगावर नवा कपडा. कॉम्प्युटरचा, मंजूर झालेला, माझ्या बाद झालेल्याच्या जागी आलेला. तू कळवलं नव्हतंस की येतोयस. पण मी मान वळवली आणि तू दिसलास. शोधावं लागलं नाही. मी शरदला म्हटलं, "हा नवा कपडा बेकार आहे. लगेच दिसतो." तो म्हणाला, "कोण दिसतो साहेब? मला तर कोणीच दिसून नाही राहिलं." तेव्हा मी गाडीवरून उडी मारली. गुडघा अजून दुखतो.

नंतर घरी तुझा शर्ट खुंटीवर टांगून मी नीट पाहिला. तुला वाटलं मी खोड्या काढतोय. काढल्याच. एक तपकिरी जास्त गडद आहे. पण डिझाईन चांगलं आहे, मन मोठं करून सांगतो. रिपीट मला सापडायला बराच वेळ लागला, म्हणजे दुसऱ्या कोणाला सापडणार नाही. त्या रात्री मला चांगली झोप लागली. आमच्या मिलला ऑर्डर मिळाली नाही याचं दुःख आहेच, पण तुझ्या अंगावर चांगला कपडा आहे याचा आनंद त्याहून मोठा आहे. हे मी तोंडाने बोललो नाही, आता लिहितोय.

आपल्या कपड्याचा जो रुमाल दिलाय तो शर्टाच्या आत, छातीच्या खिशात ठेव. जोड मधोमध येईल असा मुद्दाम शिवलाय. कमरेच्या वरच ठेवायचा, जयसिंगरावांनी शपथ घालून सांगितलंय. तुझ्या शर्टाने तू कोणाला दिसू नयेस, आणि आतल्याला तू सतत दिसावास. दोन्ही कपडे मिळून एक युनिफॉर्म पुरा होतो, असं माझं मत आहे. कोणत्याही कमिटीपुढे मांडायची तयारी आहे.

आता स्टेशन. काल मी उघडपणे आलो, तुझी ट्रंक स्वतः चढवली, कोपरा आपटू दिला नाही. गाडी हलली. तू दारातून वाकून ओरडलास, "बाबा, मागच्या वेळी हातगाडीच्या मागे होतात ना? केळ्यांच्या! मला दिसला होतात!"

आणि गाडी गेली. तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. तिला चार वर्षं हे माहीत नव्हतं. ती प्लॅटफॉर्मवर बसून इतकी हसली की हमालाने पाणी आणून दिलं. मी तिथल्या तिथे तुला उत्तर दिलं होतं, पण गाडीच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसणार. म्हणून लिहितो.

मी तपकिरी कोटात होतो. हातगाडी तपकिरी, भिंत मळकी, केळी अर्धी हिरवी. मी खाली वाकलेला होतो, टोपी कपाळावर ओढलेली होती, आणि माझ्याशेजारी उभ्या असलेल्या तुझ्या सख्ख्या मामालाही मी दिसलो नव्हतो. तू दारात होतास, डोळे भरलेले होते तुझे, मी पाहिलंय. मग मी कशावरून दिसलो? रंग चुकला की आकार? डिझायनर म्हणून विचारत नाही, बाप म्हणून विचारतो आहे. सविस्तर लिही. पाला नको.

तुझा,
बाबा